शब्दचर्चा: ॲल्युमिनियमच्या टाक्यातली ‘पोरॉसिटी’, सच्छिद्रता की जाळी?

प्रश्न: आयटीआयच्या मुलांसाठी आर्गन वेल्डिंगची टिपणं मराठीत करतोय. (आर्गन वायूच्या आडोशाखाली करतात ते. पुस्तकात ‘टिग’ असतं, पण सोलापुरात कुठल्याही शेडमध्ये विचारा, ‘आर्गन’च म्हणतील.) ॲल्युमिनियमच्या पाइपवर टाका (वेल्डिंगचा जोड) मारला की कधीकधी बारीक भोकं येतात. इंग्रजीत ती ‘पोरॉसिटी’, परिभाषेत त्याला ‘सच्छिद्रता’ म्हणतात, पोरं ‘जाळी आली’ म्हणतात. कुठला शब्द ठेवू?

निवृत्त मराठी शिक्षिका: सच्छिद्र म्हणजे छिद्रांसह. माठ सच्छिद्र असतो म्हणून पाणी गार होतं. तो त्याचा गुण झाला, तुमचा तर दोष आहे. तरी ‘छिद्र’ला दोष असाही अर्थ आहेच, छिद्रान्वेषी त्यातूनच आला. तपासणीला येणाऱ्या साहेबाला शोभेल! ‘जाळी’ची गंमत उलटी. अनारशाला जाळी पडली की घरात कौतुक, पाइपला पडली की माल परत.

होटगी रोड, फॅब्रिकेशन शेड: सर, एका शब्दात बसवू नका. आमच्याकडं दोन आहेत आणि दोन्ही लागतात.

जाळी म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी भोकं, टाकाभर पसरलेली. त्याचं कारण हायड्रोजन. वितळून पातळ झालेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन लई पितं. थिजलेल्या धातूत त्याचा जेमतेम विसावा हिस्सा मावतो, मग बुडबुडे आतच अडकतात. हा हायड्रोजन येतो तेलातून, ओलीतून, हाताच्या घामातून, उघड्या पडलेल्या फिलर तारेवरून (टाक्यात वितळवून घालतो ती तार). वरचा ऑक्साइडचा थरही ओल धरतो. तो 2000 अंशांच्या वर वितळतो आणि खालचा धातू 660 लाच, म्हणून थर घासून काढावाच लागतो. आधी ॲसिटोननं पुसायचं, मग स्टेनलेसचा ब्रश. उलटं केलं तर ब्रश तेलच रगडतो. आणि तो ब्रश लोखंडाला लावलेला नको.

दुसरं, ‘पाइप फुंकला’. दोन्ही टोकं बंद असली की आतली हवा तापून फुगते आणि टाक्याची शेवटची फट बंद करताना वितळलेल्या धातूतून बाहेर पडते. एकच मोठं भोक, तेही नेमकं शेवटी. मागच्या उन्हाळ्यात एका फ्रेमवर पोरगा ‘जाळी आली’ म्हणाला, मीही जाळीच समजलो आणि दोन दिवस ॲसिटोन ओतत बसलो. फुंकत होता की हो! दोन-तीन मिलीमीटरचं भोक पाडून हवेला वाट दिली, काम झालं.

प्रश्नकर्ता: मे महिन्यात आमच्या वर्कशॉपमध्ये टाका काळा पडून भोकं येतात, ती कशात धरू?

होटगी रोड: पंखा चालू असेल. वाऱ्यानं आर्गन उडतो, टाका उघडा पडतो. त्याला आम्ही नुसतं ‘काळं पडलं’ म्हणतो. अशा वेळी पोरं आर्गन वाढवतात, तिथंच चूक. साध्या कपला (टॉर्चच्या तोंडाला, जिथून आर्गन येतो) मिनिटाला 8-10 लिटर पुरतो. जोरात सोडला तर भोवरा होऊन बाहेरची हवाच आत ओढली जाते. उकडलं तरी पंखा बंद, नाहीतर आडोसा.

एक वाचक: आपल्याकडच्या काळ्या दगडातही अशी भोकं दिसतात. लाव्हा थिजताना वायू अडकला, तेच हे. भूशास्त्रात ‘कुहर’ म्हणतात. ‘वायुकुहर’ कसं वाटतं?

शिक्षिका: अर्थ अचूक आहे. पण शेडमध्ये कोण म्हणणार?

प्रश्नकर्ता: आणि टाका संपतो तिथल्या खड्ड्यात भेग येते, ती?

होटगी रोड: तो तडा. त्याला जाळीत ओढू नका. 6061 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पाइप बिनतारेचा जोडला तर हमखास जातो. 4043 नंबरची फिलर तार घाला, शेवटी करंट हळूहळू उतरवत खड्डा भरा.

प्रश्नकर्ता: मग मथळ्याला ‘सच्छिद्रता’ ठेवतो, परीक्षेत तोच येईल. खाली ‘जाळी’, ‘फुंकणं’ आणि ‘काळं पडणं’ वेगवेगळे देतो.

होटगी रोड: ‘फुंकणं’च्या पुढं भोक कुठं पाडायचं तेही लिहा, सर. पोरं दर्शनी बाजूलाच पाडतात.