ट्रेलरच्या टायर्सचं बॅलन्सिंग करावं का?

प्रेषक: अनघा (ट्रॉय)

नमस्कार मंडळी,

लेबर डेला लडिंग्टनच्या कॅम्पिंगला आम्ही यंदा आमचा ट्रेलर घेऊन येणार आहोत, त्याआधी एक विचारायचं होतं. वापरलेला २५ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, दोन ॲक्सल, चार चाकं, टायर एसटी (म्हणजे खास ट्रेलरचे) २२५/७५ आर १५, आणि ओढायला एफ-१५० पिकअप ट्रक. ट्रक नुसता चालवला तर ७० मैलांच्या स्पीडला पण स्टिअरिंग एकदम शांत असतं. पण ट्रेलर जोडला की ५८-६० च्या पुढे सीटखालून बारीक थरथर सुरू होते, आणि मुक्कामी पोचून दार उघडावं तर ड्रॉवर बाहेर आलेले, कपाटाच्या बिजागरीचे स्क्रू खाली पडलेले, मागच्या वेळी तर मिसळणाचा डबा उघडून सगळी हळद कार्पेटभर. टायरवाला म्हणतो ट्रेलरच्या चाकांना बॅलन्सिंग (म्हणजे चाकाचा तोल सगळीकडे सारखा करणं) लागत नाही, त्यात बसतं कोण. हे खरं आहे का? आणि करायचंच तर वजनं लावून घ्यायची का ते टायरच्या आत मणी टाकतात ते?

अनघा

---

प्रेषक: नितीन (नोव्हाय)

अनघा, आमच्याकडे बरीच वर्षं पॉप-अप (घडीचा छोटा ट्रेलर) होता, कधी बॅलन्सिंग केलं नाही आणि काही बिघडलंही नाही. मला वाटतं हायवेच्या काँक्रीटच्या जोडांमुळेच सगळं हादरत असणार. टायरमधली हवा थोडी कमी करून बघा, राईड मऊ होईल.

नितीन

---

प्रेषक: श्रीकांतकाका (रॉचेस्टर हिल्स)

अनघा, नितीन,

आधी हवेचं बोलतो कारण त्यात धोका आहे. राईड मऊ व्हावी म्हणून ट्रेलरच्या टायरमधली हवा अजिबात कमी करू नका. हवा कमी झाली की टायरची बाजूची भिंत जास्त वाकते, तापते, आणि ऑगस्टच्या उन्हात भरलेला ट्रेलर घेऊन निघालं की टायर फुटायला तेवढं पुरतं. ट्रेलरच्या बाहेर पुढच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर लिहिलंय तेवढी हवा, आणि ती गाडी थंड असताना सकाळी मोजायची. टायरची लोड रेंज (भार पेलण्याच्या क्षमतेचं अक्षर) ई असेल तर बहुतेक ८० पीएसआय लिहिलेलं असेल.

आता बॅलन्सिंग. मी नोकरीभर गाड्यांच्या आवाजाचं आणि कंपनाचंच काम केलं त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. चाकात एका जागी ३ औंस म्हणजे साधारण ८५ ग्रॅमचा फरक असेल तर १५ इंची रिमवर ६० मैलांच्या स्पीडला ते ८५ ग्रॅम जवळजवळ ९ किलोच्या जोराने बाहेर ओढतात, आणि तेही सेकंदाला १२ वेळा, दिशा फिरवत. ३० च्या स्पीडला हाच जोर जेमतेम सव्वादोन किलो असतो, स्पीड दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून गावात काही जाणवत नाही आणि हायवेवर हळद सांडते. शिवाय बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरना शॉक ॲब्सॉर्बरच नसतात, नुसते पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग), त्यामुळे चाक एकदा उड्या मारायला लागलं की ते शांत करणारं तिथे काही नसतं. ट्रेलरमधे कोणी बसत नाही हे खरं आहे पण म्हणून तो हादरत नाही असं नाही, त्याची किंमत स्क्रू, बिजागऱ्या, पाण्याच्या पाइपचे जोड आणि टायर मोजतात.

अनघा, एक बघ. तुझी थरथर येते-जाते का? म्हणजे थोडा वेळ वाढते, मग विरते, परत वाढते? चार चाकं थोडी लहान-मोठी असतात, त्यांचे धक्के कधी एकत्र पडतात कधी एकमेकांना मारतात, म्हणून असं होतं. नितीन म्हणतो तो जोडांचा धक्का पण असतोच, आपले मिशिगनचे रस्ते बघता तो असणारच, पण तो ओळखायला सोपा आहे, डांबरी पट्टा लागला की जोडांची धडधड थांबते आणि चाकाची थरथर तशीच राहते. आणि ट्रक पुढे-मागे ढकलल्यासारखा वाटत असेल तर ते हिचमधल्या, म्हणजे ट्रक-ट्रेलरच्या जोडणीतल्या, ढिलाईचं काम, त्याचा बॅलन्सिंगशी संबंध नाही.

दुकानात जायच्या आधी घरी एवढं कर. ट्रेलर ट्रकला जोडलेलाच ठेव, दुसऱ्या बाजूच्या चाकांना नीट अडण लाव, आणि जॅक फ्रेमला लाव, ॲक्सलच्या नळीला लावू नकोस, ती वाकते. चाक उचललं की वर आणि खाली हात धरून हलवून बघ, खडखडलं तर बेअरिंगमधे ढिलाई आहे. मग टायरजवळ जमिनीवर एक काठी स्थिर टेकवून चाक हाताने फिरव, काठी आणि रबर यातली फट तीन मिलिमीटरच्या आसपास कमी-जास्त होत असेल तर टायर गोलच नाही, त्याला कितीही वजनं लावून उपयोग नाही, टायरच बदलायचा. पाट्यांचे बुश (जोडाच्या भोकातल्या छोट्या नळ्या) पण बघून घे, प्लॅस्टिकचे असतील तर झिजलेले असायची शक्यता बरीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कारचं चाक मधल्या भोकावर बसतं, म्हणून मशीनवर ते मधल्या भोकात शंकूच्या आकाराचा तुकडा (कोन) घालून धरतात. ट्रेलरचं चाक बहुतेक वेळा नटांच्या भोकांवर सेंटर होतं, मधलं भोक तेवढं नेमकं कापलेलंच नसतं. मग कोनावर धरून केलेलं बॅलन्सिंग मशीनवर शून्य दाखवतं आणि ट्रेलरवर चाक परत थरथरतं, आणि लोक म्हणतात बघा, काही फरक पडला नाही. दुकानात आधीच फोन करून विचार, नटांच्या भोकांतून धरणारी प्लेट आहे का. मोठ्या ट्रकचं आणि आरव्हीचं काम करणाऱ्यांकडे बहुधा असते. नसेल तर तिथे पैसे घालवू नकोस.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: अनघा (ट्रॉय)

काका, खूप खूप आभार. तुम्ही सांगितलंत तसंच झालं! थरथर येते-जातेच. काठी लावून बघितली तर उजवीकडचं मागचं चाक चक्क अंड्यासारखं फिरत होतं, त्याचा डॉट कोड (टायरवर छापलेली बनवल्याची तारीख) २२१८ म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा, तो टायर काढूनच टाकला. प्लेट असलेलं दुकान तिसऱ्या फोनला सापडलं. एका चाकाला मशीनने साडेसहा औंस मागितले, तर त्या माणसाने वजन लावायच्या आधी हवा काढून टायर रिमवरच अर्धा फिरवला आणि परत लावला, मग दोन औंसांत काम झालं. काल आय-७५ वरून ग्रेलिंगपर्यंत जाऊन आलो, ड्रॉवर जागच्या जागी, काँक्रीटवरची धडधड आहे पण डांबरी लागलं की गाडी कशी छान शांत होते. मण्यांचं मात्र राहिलंच, आणि स्टेपनीचं पण बॅलन्सिंग करायचं का?

---

प्रेषक: श्रीकांतकाका (रॉचेस्टर हिल्स)

वा, फार बरं वाटलं वाचून. त्या माणसाने टायर फिरवला हे अगदी योग्य केलं, टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकत्र आल्या होत्या, त्या त्याने समोरासमोर नेल्या. असा कारागीर मिळाला की त्याला सोडू नये.

मणी वाईट नाहीत, मोठ्या ट्रकवाले वापरतात, टायर झिजत जातो तसे ते आपली जागा बदलतात. पण ते स्पीड आल्यावरच कामाला लागतात, आत ओल असेल तर गोळा होतात, आणि व्हॉल्व्हला जाळीवाली पिन लागते नाहीतर हवा बघताना एखादा मणी तिथे अडकून हवा गळत राहते. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाकाच्या मधे बसवायच्या कड्या पण मिळतात, त्यांच्यात गोळ्या आणि तेल असतं, त्यांचा फायदा असा की ब्रेक ड्रमचा तोल पण त्याच सांभाळतात, मशीनवर ड्रम येतच नाही ना. तुझं आता वजनांवर भागलंय तर खर्च करू नकोस. स्टेपनीचं मात्र करून घे, ती लागते तेव्हा घरापासून लांबच असतेस.

आणि नट. चाकं काढून लावली आहेत तर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून टॉर्क रेंचने परत बघायचे, अर्ध्या इंची स्टडना ९० ते १२० फूट-पाउंड, समोरासमोरच्या क्रमाने. ग्रेलिंगला जाऊन आलीस म्हणजे ५० मैल कधीच होऊन गेले, तेव्हा हे आजच्या आज कर. माझा रेंच घेऊन जा, मी संध्याकाळी घरीच आहे.

कमिटीला एक विनंती, गणपतीचं मखर आणि ढोल ज्या कार्गो ट्रेलरमधून नेतो त्याचे टायर वर्षभर एकाच जागी उभे असतात. तारीख आणि हवा या शनिवारी बघू या, दोघंजण आले तरी पुरे.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: नितीन (नोव्हाय)

काका, शनिवारी मी येतो, जॅक आणि अडणी माझ्याकडे आहेत. हवेचं लक्षात ठेवलंय.