तालुक्याच्या गावातून ए.ए.ची मिटिंग कशी गाठावी?

लांबचा_रस्ता
सप्रेम नमस्कार. मी एका पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळतो. दारू सुटावी म्हणून बारा दिवस रुग्णालयात राहून आलो, त्याला उद्या तीन आठवडे होतील. घरी सोडताना डॉक्टरांनी ‘आता ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या) मिटिंगला जात राहा’ असे बजावले, परंतु ती कोठे भरते हे कोणी सांगितले नाही. संध्याकाळी सहाला शटर ओढले की पाय अजूनही एसटी स्टँडमागच्या गल्लीकडे वळू पाहतात, म्हणून हल्ली मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी येतो. निम्म्या गावाची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून गेलेली आहेत. मिटिंगमध्ये ओळखीचे कोणी भेटले तर काय, या धास्तीने मी अजून चौकशीसुद्धा केलेली नाही. शिवाय तेथे प्रार्थना म्हणतात असे ऐकतो, आणि मी देवधर्म मानणारा नाही. मिटिंग कशी शोधावी आणि तेथे नेमके काय चालते, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

ठाणेकर_तात्या
नमस्कार. मी अकरा वर्षे दारूला शिवलेलो नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या भारतातील संकेतस्थळावर गावोगावच्या मिटिंगची माहिती मिळते, पण लहान ग्रुपची जागा आणि वेळ बदलत असते, म्हणून निघण्यापूर्वी फोन अवश्य करावा. मी पहिल्या वेळी फोन न करताच गेलो, शाळेच्या कुलूपबंद फाटकापुढे अर्धा तास उभा राहिलो आणि तेथून सरळ बारमध्ये गेलो. जवळपास ग्रुप नसेल तर ऑनलाइन मिटिंगही असतात. कॅमेरा बंद ठेवून नुसते ऐकले तरी चालते.

ही चळवळ मुळात सुरू झाली तीच अशा एका फोनातून. 1935 साली नुकती दारू सोडलेला न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल कामानिमित्त अ‍ॅक्रन या गावी गेला होता. व्यवहार फिसकटला, समोर हॉटेलचा बार दिसत होता, तेव्हा त्याने चर्चच्या यादीवरून फोन लावत लावत बोलण्यासाठी दुसरा एखादा दारुडा शोधला. त्यातून भेटलेला तेथील एक शल्यचिकित्सक आणि तो स्वतः, हे या संघटनेचे दोन संस्थापक. भारतात ती 1957 पासून आहे.

मिटिंगमध्ये हजेरीपट नसतो, आडनाव विचारत नाहीत आणि शुल्कही नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तिच्यात सभासद ऐपतीप्रमाणे पैसे टाकतात. नवख्याने टाकले नाहीत तरी कोणी पाहत नाही. एकजण आपली हकीकत सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. ‘ओपन’ मिटिंगला घरचे माणूसही येऊ शकते, ‘क्लोज्ड’ मिटिंग मात्र फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी असते. ओळखीचे म्हणाल, तर मला दुसऱ्याच मिटिंगला आमच्या सोसायटीचे खजिनदार भेटले. आम्ही दोघेही बराच वेळ चहाच्या कपात पाहत बसलो. प्रार्थना असते, हे खरे. मी त्या वेळी गप्प उभा राहतो. सभासद होण्यास दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे.

सांगलीची_माहेरवाशीण
दादा, वहिनींसाठी दोन शब्द लिहिते. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हे वेगळे ग्रुप असतात, आणि पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. मला हे फार उशिरा कळले. तोवर मी ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात वाचून मागवलेली पूड यांच्या आमटीत कालवत होते. एका रात्री यांचा चेहरा लालबुंद झाला, श्वास लागला, आणि त्यांना रिक्षात घालून नेताना आमटीचे डॉक्टरांना सांगावे की न सांगावे, हा विचार माझ्या मनात चालला होता. शेवटी सांगितले. वहिनींनी असले काही मागवले असल्यास कृपया आजच फेकून द्यावे.

दवाखान्यातून
ताईंनी लिहिलेली लक्षणे डायसल्फिराम या औषधाच्या अंगावर दारू घेतल्यावर दिसतात तशी आहेत. हे औषध रुग्णाला कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. नकळत दिल्यास जीवही जाऊ शकतो. दुसरे म्हणजे, रोज भरपूर पिणाऱ्याने मिटिंगमधून आल्या आल्या घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते किंवा भ्रम होऊ शकतो, म्हणून ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावेत. आपण त्यातून पार झाला आहात. मात्र चालू गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. जवळच्या केंद्राची माहिती 14446 या सरकारी निःशुल्क क्रमांकावरही मिळते.

लांबचा_रस्ता
सर्वांचा आभारी आहे. तात्यांच्या सांगण्याप्रमाणे आधी फोन केला आणि काल जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आलो. नऊ माणसे होती, ओळखीचे कोणी नव्हते. खरे सांगायचे तर त्याचे थोडे वाईटच वाटले. मी नाव सांगितले आणि त्यापुढे काही बोलता आले नाही, तरी कोणी आग्रह केला नाही. मिटिंग आठला संपली आणि आमची शेवटची गाडी साडेआठची होती. त्या स्टँडच्या मागेही तशीच गल्ली आहे. फोनवर बोललेले काका मला स्कूटरवरून स्टँडवर घेऊन आले, मला खिडकीजवळ बसवले आणि गाडी हलेपर्यंत खाली उभे राहिले.