किनाऱ्याकिनाऱ्यानं चालताना: तुमचा अनुभव सांगा

जोडून सुट्टी आली की आपण कोकणात उतरतो, पाण्यात पाय बुडवतो आणि जेवायला परततो. पण आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना घेऊन समुद्रालगतची वाट चाललात का कधी? कुठे चाललात, काय पाहिलंत, काय सांभाळावं लागलं, सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

हरिहरेश्वर

प्रजासत्ताक दिनाला जोडून शनिवार-रविवार आला होता. प्रदक्षिणेची वाट देवळामागून टेकडीवर चढते आणि दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून, उभ्या पायऱ्यांनी थेट खडकांवर उतरते. साडेचार वाजले होते. आईचा हात धरून उतरायला लागले तर कोकम सरबत विकणाऱ्या मावशींनी अडवलं. "ताई, आता नका उतरू. पाणी चढतंय. आज नवमी. उद्या दुपारी या."

नवमीचा काय संबंध, मला उमगेना. त्यांनीच हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. दशमीची साडेसात. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दीडच्या सुमारास. वरच थांबलो. ज्या खडकावर मघाशी माणसं फोटो काढत होती, तो बघता बघता पाण्याखाली गेला. माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी बाराला उतरलो. खाऱ्या पाण्यानं आणि वाऱ्यानं खाल्लेला तो खडक मधमाशीच्या पोळ्यासारखा आहे. आईनं एका भोकात बोट घातलं, तर तिथला इवलासा शंख टपकन सुटून तिच्या तळहातावर पडला. तिनं तो परत त्याच भोकात ठेवला, तोंड आतल्या बाजूला करून. गुडघेदुखीची आई त्या वाटेवर तासभर होती आणि एकदाही बसली नाही.

भरतीच्या हिशोबात थोडी भर

आमचं घर अलिबागचं, म्हणून लिहितो. पाऊणपटीचा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास हातचा ठेवाच. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांत तो तसाच चालतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. तेव्हा पाणी दूरवर ओसरतं, पण चढतंही तितकंच. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची चढउतार कमी. कुलाबा किल्ल्यात आम्ही ओहोटीला चालत जातो आणि पाणी वळायच्या आत परततो. मुलं रमली तरी तिथे हट्ट चालू देऊ नका.

गणपतीपुळे

आजी सोबत असेल तर हीच वाट घ्या. इथे डोंगरच देव मानलेला, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला. वाट बांधीव आहे आणि एका बाजूला समुद्र सोबत करतो. आजी अनवाणीच चालणार होती, म्हणून सकाळी सातलाच निघालो. दुपारी जांभा दगड पाय भाजतो. तिथून मालगुंड जवळ आहे, केशवसुतांचं गाव. आजीला 'तुतारी' अजून तोंडपाठ आहे, तिनं ती स्मारकाच्या अंगणात म्हटली.

गुहागर

आमच्या पोरांना चालवायचं म्हणजे कठीण काम, पण गुहागरच्या पुळणीवर उलटं झालं. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांच्या नक्ष्या उमटलेल्या असतात. मधोमध एक बीळ आणि त्यातून सगळीकडे निघालेल्या गोळ्यांच्या रांगा. नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाणं काढतो आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतो. धाकटी पालथी पडून अर्धा तास बघत होती. सावली पडली की तो आत, सावली सरली की बाहेर. पुढे सगळे नक्ष्या चुकवत, पाय उचलून उचलून चालले.

हेदवी

बामणघळ बघायची तर मात्र भरतीलाच जा. खडकातल्या अरुंद घळीत लाट शिरते आणि फवारा उंच उडतो. कडेला जाऊ नका, खडक निसरडा असतो. मुलांचे हात सोडू नका.

वाट बंद

एक दुखणं सांगते. लहानपणी ज्या पाखाडीनं आम्ही आत्याच्या आगरातून समुद्रावर जायचो, तिच्या तोंडाशी आता एका हॉटेलची भिंत आहे. यंदा लेकाला ती वाट दाखवायला नेलं आणि भिंतीपासूनच परत फिरलो. खाडीकडून वळसा घालून पोचलो, चिखलात पाय रुतवत. गावच्या वाटा गावाला राहायला हव्यात, इतकंच मागणं आहे.

मालवण

मोरयाच्या धोंड्याकडून किनाऱ्यानं निघालो तर पुढे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चाललं होतं. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, खांद्यावर दोर. एक आजोबा ओरडले, "पोरांनू, बघतास काय, दोरी धरा!" आमचे दोघे धावले. तळहात लाल झाले. जाळं वर आलं तेव्हा फार काही नव्हतं, तारल्या आणि थोडी बारीक मासळी. तरी आजोबांनी पोरांच्या टोपीत मूठभर तारल्या घातल्या. "हात लावलास, वाटो घी." त्या रात्री मामीनं तारल्यांचं तिखलं केलं आणि पोरांनी काटे काढून काढून खाल्लं.

वेळास

गुढीपाडव्याला जोडून गेलो होतो. बाबांची नजर खूप कमी झालीय. कासवं बघायला त्यांना कसं न्यायचं, हा प्रश्न होता. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी इथे जपली जातात. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं हे काम सुरू केलं आणि गाव त्यात उतरलं. उजाडायच्या आत मी बाबांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि सुरूच्या बनाजवळून पुळणीवर आलो. सगळे दोरीमागे उभे. टोपली उचलली, पिल्लं वाळूवर सोडली. मी बाबांच्या कानात सांगत राहिलो: एक थांबलंय, एक पावलाच्या खड्ड्यात पडलं, निघालं वर, पहिलं पाण्याला लागलं. लाटेनं एकाला परत मागे आणलं, तेही सांगितलं.

लोक पांगायला लागले तरी बाबा हलेनात.

"सगळी गेली?"

"सात होती. ते मागे आलेलं तेवढं राहिलंय."

"मग थांबू."

थांबलो. तिसऱ्या लाटेला ते गेलं.