हँडवॉशमध्ये ट्रायक्लोसान आहे, वापरू की नको?

सांगलीकरीण:
किराणावाल्याने स्कीममध्ये हँडवॉशची बाटली दिली. मागे बारीक अक्षरांत ‘ट्रायक्लोसान’ लिहिलंय. यावर बंदी आली होती ना? शिवाय सासूबाई आमच्या दीड वर्षाच्या पिल्लाच्या आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओततात. पाणी दुधासारखं पांढरं झाल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. पोराच्या कोपरांच्या खळीत खरखरीत चट्टे उठलेत. डॉक्टरांनी क्रीम दिलंय, पण पाण्याचं त्यांना सांगायचंच राहिलं.

गल्ल्यामागचे काका:
ताई, आयुष्य औषधाच्या दुकानात गेलं, म्हणून जरा लांबण लावतो. बंदी अमेरिकेतली. तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर 2016 मध्ये घरगुती साबण-हँडवॉशमधली 19 जंतुनाशकं बाद केली. त्यात ट्रायक्लोसान आणि वडीत घालतात ते ट्रायक्लोकार्बनही होतं. ‘विष सापडलं’ असं मात्र नव्हतं. साध्या साबणापेक्षा हे सरस आहे आणि वर्षानुवर्षं रोज वापरून अपाय होत नाही, हे दाखवा म्हटल्यावर कंपन्यांना ते दाखवता आलं नाही.

ट्रायक्लोसान कातडीतून आत जातं, लघवीत सापडतं. उंदरांमध्ये थायरॉइडचं संप्रेरक कमी झालेलं दिसलंय. माणसांबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. मला त्याहून खटकते ती दुसरीच गोष्ट. जिवाणू स्वतःसाठी चरबी तयार करतात, त्यातलं एक एन्झाइम हे रसायन बंद पाडतं. टीबीवरचं औषध आयसोनियाझिड त्याच जातीच्या एन्झाइमवर घाव घालतं. एकाला सरावलेले जंतू दुसऱ्यालाही दाद देणार नाहीत, ही भीती. टीबीने पछाडलेल्या देशात असलं रसायन हात धुवायला उधळायचं, हे मला तरी पटत नाही.

आणि मिळतं काय? कराचीच्या वस्त्यांमधला अभ्यास 2005 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही घरांना साधा साबण दिला, काहींना 1.2 टक्के ट्रायक्लोकार्बनवाला. दोन्हीकडे लहान मुलांचे जुलाब आणि न्यूमोनिया जवळपास निम्म्यावर आले. काम हात चोळून धुण्यानेच झालं.

फोडणीचीमिरची:
काका, माझ्या बाटलीवर बेंझाल्कोनियम क्लोराइड आहे. म्हणजे सुटले ना?

गल्ल्यामागचे काका:
सुटलात कसल्या! ते आणि क्लोरोझायलेनॉल यांचा निर्णय 2016 मध्ये पुढे ढकलला होता. निर्दोष ठरवलेलं नव्हतं. सांगलीकरीण ताई, तुमच्या त्या पांढऱ्या पाण्यात बहुधा क्लोरोझायलेनॉलच असेल, लेबल बघा. पांढरेपणा येतो तो तेलकट घटक पाण्यात न विरघळता बारीक थेंबांत फुटल्यामुळे. जंतू मेल्याची ती पावती नव्हे. बाळाच्या कोरड्या कातडीला ते आणखी सुकवतं, म्हणून आंघोळीत नकोच. कोमट पाणी, सौम्य साबण, अंग टिपल्या टिपल्या क्रीम.

आजीबाईंचीसून:
सासूबाईंशी वाद घालू नका. पुढच्या वेळी दवाखान्यात त्यांनाच सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर विचारा, “आईंनी पाण्यात घातलं तर चालेल ना?” आमच्याकडे काजळ असंच बंद झालं.

सांगलीकरीण:
हे भारी आहे, करतेच. आता हँडवॉशची बाटली बेसिनमध्ये ओतून टाकू का?

गल्ल्यामागचे काका:
नको, ते नाल्यातून नदीत जातं. तमिळनाडूत कावेरी आणि ताम्रपर्णीच्या पाण्यात ट्रायक्लोसान सापडलेलं आहे. झाकण घट्ट लावून घंटागाडीवाल्याला घातक कचरा म्हणून वेगळी द्या.