मदत हवी आहे: जुन्या घरातला लाकडी पोपट फ्लॅटमध्ये कुठे आणि कसा ठेवू?

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही म्हणून लिहितेय.

आमचं मूळ घर गोव्यात डिचोली तालुक्यात, मातीच्या जाड भिंती आणि मधोमध राजांगण, म्हणजे घराच्या आतलं उघडं अंगण. वाटण्या झाल्या आणि फेब्रुवारीत ते पाडलं. मला त्यातलं दुसरं काहीच नको होतं, फक्त राजांगणाच्या एका खांबावर तुळईला टेकू द्यायला जो कोरीव तुकडा होता, त्यावरचा पोपट हवा होता. सागवानी आहे, दोनेक फूट उंच, वजन दहा-बारा किलो तरी असेल. चवथीला सगळे जमायचो तेव्हा आजोबा एकेका नातवंडाला खांद्यावर घेऊन त्याला हात लावू द्यायचे, त्यामुळे छातीचा भाग अगदी गुळगुळीत झालाय, पंखांवरच्या रेघा मात्र अजून नखाला लागतात. पाडणाऱ्यांना मी तीनतीनदा सांगितलं होतं की आधी हा उतरवा, तरी पहार लागलीच आणि चोचीचं टोक उडालं. ढिगाऱ्यात दोन तास शोधलं, नाही मिळालं. त्या दिवशी खूप रडले.

आता तो पर्वरीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारच्या कपाटावर आहे, दोन महिने झाले. पण का कोण जाणे तिथे तो उदास दिसतो, मान खाली घालून जमिनीकडे बघत बसल्यासारखा. घरी असताना असा कधीच वाटला नव्हता. मागची भिंत पश्चिमेची आहे, पावसाळ्यात ती ओल धरते आणि आता पाऊस तोंडावर आलाय. शिवाय परवा पुसताना खाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली, ती कसली?

सासूबाई म्हणतात खंडित मूर्ती घरात ठेवू नये, निदान चोच तरी बसवून घे. त्यांचा शब्द मला मोडायचा नाही, पण नवी चोच लावली की तो आमचा पोपट राहील का हे कळत नाहीये. आणि ह्यांचं म्हणणं की एकटाच बरा दिसत नाही, दुसऱ्या बाजूला काहीतरी हवं. रस्त्यावरच्या एका दुकानदाराने त्यांना दगडी गजलक्ष्मी दाखवलीय, म्हणे पडक्या देवळातली, तीनशे वर्षं जुनी. घ्यावी का? कोणी असं काही घरात ठेवलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी भुकटीचं बघा, बाकी सगळं नंतर. लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत का? असतील तर तो लाकूड पोखरणारा भुंगा, वाळवी नव्हे. वाळवी सहसा मातीची नळी करून येते, अशी पिठासारखी भुकटी पाडत नाही. जुन्या सागाच्या गाभ्याला किडा सहसा लागत नाही, कडेच्या फिकट लाकडाला लागतो, तेव्हा मागची बाजू नीट तपासा. भुंगा अजून जिवंत आहे का ते कळायला खाली काळा कागद ठेवा, आठवडाभराने भुकटी परत पडलेली दिसली तर आहे. लाकडावर पॉलिश नसेल तर बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने दोन-तीन हात द्या, मध्ये पूर्ण वाळू द्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधीच उरका. कोणीतरी काजूबियांच्या टरफलाचं तेल लावायला सांगेल, आपल्याकडे वासे-रिपांना लावायची पद्धत आहेच. पण त्याने लाकूड काळं पडतं आणि हाताला लागलं तर फोड येतात, कोरीव कामाला नको. अळशीचं तेलही टाळा, आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते. शेवटी मधमाशीचं मेण कापडाने पातळसं चोळलं की पुरे.

प्रतिसाद

दगडी गजलक्ष्मी अजिबात घेऊ नका. दुकानदार म्हणतो तसं ती खरंच तीनशे वर्षांची असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. शंभर वर्षांवरची मूर्ती विकायला परवाना लागतो, आणि दगडी शिल्पाची नोंदणी झालेली असावी लागते. जुनी नसेल तर तो तुम्हाला फसवतोय. दोन्हीकडून नुकसान तुमचंच. आणि पडक्या देवळातून उचललेली असेल तर ती त्या गावची आहे, हे मला जास्त लागतं. दगडातलं जुनं काम बघायची हौस असेल तर जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या कॉन्व्हेंटमधलं पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, १९६४ पासूनचं, तिथे वीरगळ, सतीशिळा सगळं आहे, पोटभर बघा.

खंडितचं म्हणाल तर तो नियम पूजेतल्या मूर्तीला. प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती भंगली तर विसर्जन करतात. तुमचा पोपट खांबावरची सजावट, त्याची पूजा कधी झालीच नव्हती. सासूबाईंना हे शांतपणे सांगून बघा, पटेल त्यांना.

प्रतिसाद

मी इंटिरिअरची कामं करतो, उदास का दिसतो ते सांगतो. हा तुकडा खालून बघण्यासाठी कोरलेला आहे. खांब सात-आठ फुटांचा, बघणारा राजांगणात खाली उभा, म्हणून सुताराने मान मुद्दाम पुढे झुकवलीय, त्याला तुमच्याकडे बघायचंय. तुम्ही त्याला कमरेच्या उंचीवर ठेवलंत, आता तो बघणार तरी कुठे. चित्र आपण डोळ्यांच्या रेषेत लावतो, पण प्रत्येक शिल्पाला तोच हिशेब लावू नये, ते मुळात कुठे होतं ते आधी विचारावं.

सात फुटांच्या आसपास न्या. पण फ्लॅटच्या आतल्या भिंती बहुतेक पोकळ ब्लॉकच्या असतात, त्यात साधे प्लग मारून एवढं वजन टांगू नका, कधीतरी सुटणारच. हॉल आणि डायनिंगच्या मध्ये काँक्रीटचा कॉलम आहे का बघा. त्यात अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट) मारून फॅब्रिकेटरकडून लोखंडाचा छोटा टेकू करून घ्या. लाकडाला नवीन भोक अजिबात पाडायचं नाही, जोडासाठीची जुनी चौकोनी खाच असेलच, तिच्यातच पट्टी सरकवायची. लोखंडाला गंज धरतो म्हणून प्रायमर, आणि मागे इंचभर फट, हवा खेळली पाहिजे. एक पिवळसर स्पॉटलाइट वरून तिरका. समोरून लाइट टाकलात तर पंखांच्या रेघा दिसणारच नाहीत.

चोचीबद्दल माझं मत, निदान वर्षभर काही करू नका. करायचीच झाली तर सागाचाच तुकडा, आतून लाकडी खुंटी आणि सुतारांचा जुना डिंक, म्हणजे सरस, लावा, म्हणजे उद्या काढता येईल. एपॉक्सी नको, ते एकदा बसलं की निघत नाही. आणि जोडीला काही ठेवू नका, ती भिंत त्याला एकट्याला द्या. अगदीच हवं असेल तर बाल्कनीत डिचोलीच्या कुंभारांकडचं मातीचं काहीतरी ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ह्यांना स्टुलावर उभं करून पोपट कॉलमला धरायला लावला आणि मी खाली फरशीवर बसून बघितलं. तोच तो. अगदी घरच्यासारखा, सरळ माझ्याकडे बघत होता. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, चोच खालून दिसतच नाही गो, राहू दे तशीच.

गजलक्ष्मीला नाही म्हणून कळवलंय. काळा कागद ठेवलाय, आज तिसरा दिवस, अजून भुकटी नाही. आता एकच विचारायचंय, म्हापसा किंवा पर्वरीकडे एवढं छोटं लोखंडी काम घेणारा फॅब्रिकेटर मिळतो का? दोघांना विचारलं, दोघेही म्हणाले गेट-ग्रिल असेल तर येतो.