मदत हवी आहे: कॉस्मेटिक सर्जरीवर मराठी पॉडकास्ट, पण लेक्चर होतंय

नमस्कार मंडळी. मी प्लास्टिक सर्जन, नाशिकला असतो. कॉस्मेटिक सर्जरीवर मराठीत पॉडकास्ट सुरू करतोय. तीन भाग रेकॉर्ड केले. बायको ऐकून म्हणाली, "झोप छान लागेल!"

पहिला भाग कावसजीचा. इंग्रजांच्या फौजेतला हा गाडीवान. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं, आणि १७९४ साली ते लंडनच्या मासिकात छापून आलं. हा भाग रंगतो. घोडं अडतं पुढे. लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, हा वजन उतरवायचा उपाय नव्हे, हे सांगताना माझा आवाज थेट तोंडी परीक्षेचा होतो.

सांगणं तर गरजेचं आहे. परवा ओपीडीत एक मुलगी आली, लग्न तीन आठवड्यांवर, नाक सरळ करून हवं. सूज पूर्ण उतरायला वर्षभरही लागू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आई शेजारी पत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलेली.

तर जाणकारांनो: स्क्रिप्ट वाचू की नुसते मुद्दे समोर ठेवू? स्तनांचा आकार कमी करण्याविषयी अख्खं घर ऐकत असताना कुठल्या शब्दांत बोलावं? पेशंटची लेखी संमती घेईनच, पण ओळख लपवायला आवाज बदलला की सगळं कार्टून वाटतं. तुम्ही काय करता? आणि आम्हा डॉक्टरांना जाहिरातीची मनाई, मग दवाखान्याचं नाव घ्यावं की नाही?

माइक साधा कॉलरचा आहे. पंखा बंद करून घामाघूम होतो, तेवढ्यावरही उपाय सुचवा.