पंखा सतत फिरत असूनही पात्यांवर धूळ कशी बसते?

सोनचाफा
दसऱ्याची साफसफाई काढली आहे. बेडरूमचा पंखा मार्चपासून जवळजवळ अखंड चालू, थांबतो तो लाईट गेले तरच. तरी पात्यांच्या पुढच्या कडेवर काळी मऊ लव साचली होती. मी स्टुलावर चढून पुसतेय आणि खालून सातवीतली कन्या विचारते, "आई, हा टेबलावरचे कागद उडवतो, मग स्वतःच्या अंगावरची धूळ का नाही उडवत?" मी म्हटलं, बंद असताना बसत असेल. "मग कडेलाच जास्त कशी?" झालं, माझी बोलती बंद. कुणी सांगेल का? सूत्रं नकोत, प्लीज.

टवाळ_कार्टा
आमच्याकडे पंखा पुसायचा विषय निघाला की धूळ तिथंच राहते, मी उडतो.

निवृत्त_मास्तर
सोनचाफाताई, पॉलिटेक्निकच्या फ्लुइड लॅबमध्ये, म्हणजे द्रव-वायूंच्या प्रयोगशाळेत, तीस वर्षं काढली. हा माझा तोंडी परीक्षेतला हुकमी प्रश्न. पोरं घडाघडा म्हणायची, "पृष्ठभागाला टेकलेल्या द्रवाचा किंवा वायूचा पृष्ठभागाच्या तुलनेत वेग शून्य असतो." मग मी छताकडे बोट दाखवायचो, की सगळे गप्प!

पात्याला टेकलेली हवा पात्यासोबतच गोल फिरत असते. तिच्यावरची हवा जरा मागे पडते, त्यावरची आणखी. असं करत करत बाहेरच्या हवेपर्यंत पोचतो. तुमचा पंखा १२०० मिमीचा आणि मिनिटाला ३५० फेरे धरा. टोकाचा वेग सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किमी. पातं १२ सेंमी रुंद असेल तर ही अडखळलेली हवा मागच्या कडेपाशी जेमतेम दीड मिमी जाड. धुळीचा कण १० मायक्रॉनचा (मिलिमीटरचा शंभरावा भाग), म्हणजे या थराच्या पार तळाशी. तिथं पात्याच्या तुलनेत वारा सेकंदाला ३०-४० सेंमी, बस्स. वर वादळ, कणाला झुळूक.

कुणी म्हणेल, फिरण्यामुळे बाहेर फेकला जायला हवा. टोकाशी तो ओढा गुरुत्वाच्या ८० पट आहे, हे खरं. पण कण निम्म्या आकाराचा झाला की त्याचं वजन आठव्या हिश्श्यावर येतं, चिकटून राहण्याचं बल मात्र साधारण निम्म्यावरच. म्हणून वाळूचा खडा भिरकावला जाईल, पिठासारखी धूळ राहील. त्यात फोडणीचा तेलकटपणा मिसळला की विचारायलाच नको.

आता कन्येचा दुसरा प्रश्न, जो पहिल्यापेक्षा चांगला आहे. पुढच्या कडेशी हवा झटकन वळून बाजूला होते. कणाला तेवढ्या चपळाईनं वळता येत नाही, तो जाऊन आपटतो.

लॅबमध्ये मी ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेली काचेची उभी नळी) खाली साधं ग्लिसरीन, वर रंगवलेलं ओतायचो. तोटी उघडली की रंगाची सपाट रेषा जिभेसारखी मध्ये खाली लांबायची, काचेला टेकलेली कड मात्र जागची हलायची नाही. घरी ताटात काकवी ओतून ताट उभं करा. वरची काकवी पुढे पळते, ताटाला लागलेली मागं राहते. ओशट भांडं नुसतं नळाखाली धरून स्वच्छ होत नाही, हात फिरवावाच लागतो, त्यामागंही हीच गोष्ट.

अळूवडी
मास्तर, एक शंका. अळवावरचं पाणी तर टिकतच नाही, म्हणच आहे तशी. मग तिथं कुठं गेला तुमचा शून्य वेग?

निवृत्त_मास्तर
छान अडवलंत! भिजणं आणि घसरणं या दोन वेगळ्या गोष्टी. अळवाच्या पानावर मेणाचे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते. थेंब बराचसा त्या हवेवर बसतो आणि पुष्कळदा घरंगळतो. बैलगाडीचं चाक रस्त्याला जिथं टेकतं, तो बिंदू त्या क्षणी थांबलेलाच असतो ना? तसंच काहीसं.

आणि टेकलेला थर घसरत नाही, हे पूर्वी कुणाला सहज पटलं होतं असं समजू नका. फ्रेंच इंजिनियर नाविएनं १८२३ मध्ये द्रव भिंतीवरून थोडा घसरतो असंच धरलं होतं. गणिती स्टोक्सचाही १८४५ मध्ये निर्णय होईना, कारण पाइपांची मोजमापं त्याच्या गणिताशी जुळत नव्हती. हे थर किती पातळ असतात आणि तरी किती महत्त्वाचे, ते जर्मन शास्त्रज्ञ प्रांटलनं १९०४ मध्ये हायडेलबर्गला मांडलं. अगदी नॅनोमीटरच्या (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) हिशोबात गेलात तर पाणी किंचित घसरतंही. विरळ हवेतही घसरण होते, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं १८७९ मध्येच सांगितलं होतं. पण तुमच्या छताच्या पंख्याला त्याची फिकीर नाही.

सोनचाफा
मास्तर, खूप आभार. काकवीचा प्रयोग झाला, ओट्याचा निम्मा भाग चिकट झालाय. फुंकर मारून उपयोग नाही हे पटल्यामुळे ओलं फडकं घेऊन आता कन्याच वर चढली आहे. मी स्टूल धरलंय.